मुलीला पुण्यात कोठे ठेवावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणाला विषय भारदस्त असावा, अशी आपल्याकडे समजूत आहे. चिटणीसबाईंनी मला विषय विचारला आणि मी "मुलीला पुण्यात कोठे ठेवावे?" असे सांगितले, तेव्हा त्या क्षणभर थबकल्या. पण दरवर्षी बारावीचे निकाल लागले, प्रवेशाच्या याद्या लागल्या, की आपल्या कऱ्हाडातल्या किती घरांत हा एकच प्रश्न रात्री जेवणानंतर निघतो, हे आपण सर्वजणी जाणतो. या प्रश्नाचे उत्तर घरात सापडले नाही, म्हणजे मुलीचा पुण्याचा प्रवेश हातचा जातो. तेव्हा हा विषय लहान आहे असे मला वाटत नाही.

पूर्वी फीचा डोंगर पुढे उभा असे. २०२४-२५ पासून शासनाने ज्या घरांचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास व सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या मुलींना, केंद्रीभूत पद्धतीने प्रवेश मिळाल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ केले आहे. ही मोठी सोय झाली. परंतु शुल्क माफ झाले म्हणजे शिक्षण फुकट झाले, असे नाही. राहणे, जेवणे आणि जाणे-येणे हे तीन खर्च उरतातच. मुलाच्या बाबतीत आपण म्हणतो, राहील कोठेतरी चौघांत. मुलीच्या बाबतीत 'कोठेतरी' हा शब्द आपल्याला चालत नाही. मग पैशाचा मेळ बसत नाही, आणि शेवटी "इथल्याच कॉलेजात घाल" असे ठरते. इथले कॉलेज वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण जिने गुण मिळवले आणि जिची निवड झाली, तिची वाट केवळ खोलीपायी अडावी, हे काही बरे नव्हे.

पुण्यास बाहेरगावचा विद्यार्थी नवा नाही. पूर्वी गरीब मुले वार लावून जेवत, माधुकरी मागत आणि कोणाच्या ओसरीवर अभ्यास करीत. अशा मुलांसाठी १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले. तेच आजचे पुणे विद्यार्थी गृह. खेड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली, आणि तिच्या वसतिगृहांत आज मुलीही राहतात. मुलींची गोष्ट तर याहूनही जुनी आहे. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो गावाबाहेर हिंगण्यास झोपडीत नेला. ते फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत आणि हिंगण्याची ती वाट पायी तुडवीत. जागा स्वस्त, पण लांब. त्याची किंमत पायांनी मोजायची. आज त्याच हिंगण्याचे कर्वेनगर झाले आहे आणि तिथे मुलींची वसतिगृहे आहेत. स्वस्त आणि लांब, की महाग आणि जवळ, हा प्रश्न सव्वाशे वर्षे तसाच उभा आहे.

गेली काही वर्षे ओळखीतल्या मुलींसाठी खोल्या पाहण्याच्या निमित्ताने मी पुण्यास अनेक फेऱ्या केल्या. त्यातून जे उमगले ते आपल्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट अशी, की खोलीचे भाडे हा खोलीचा खर्च नव्हे. आपण भाजी घेताना नुसता भाव पाहत नाही, निवडून किती उरेल तेही पाहतो. तसाच हा हिशेब आहे. समजा, कॉलेजपासून पायी दहा मिनिटांवर एका खाटेचे सहा हजार रुपये पडतात. पुण्यात याला 'कॉट बेसिस' म्हणतात. एका खोलीत तीन-चार मुली, प्रत्येकीची एक खाट आणि एक कपाट. आणि समजा, लांबच्या उपनगरात तशीच खाट चार हजारांत मिळते. आपण म्हणू, दोन हजार वाचले. पण रोजचे जाण्यायेण्याचे साठ रुपये धरले, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांचे दीड हजार होतात. उरले पाचशे. आता रोज दोन तास प्रवासात गेले तर महिन्याला पन्नास तास गेले. म्हणजे मुलीने आपला तास दहा रुपयांना विकला. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. आपापले आकडे घालून प्रत्येकीने ही बेरीज करावी. कधी लांबची जागाच खरोखर स्वस्त ठरेल. पण बेरीज केल्यावाचून ते कळणार नाही.

आता वस्त्यांकडे वळू.

सदाशिव, नारायण, शनिवार आणि नवी पेठ हा विद्यार्थ्यांचा जुना मुलूख. स. प. महाविद्यालय इथेच, गरवारे आणि फर्ग्युसन नदीपलीकडे चालत जाण्याजोगे, पुस्तकांना अप्पा बळवंत चौक, आणि नव्या पेठेत, शास्त्री रस्त्याच्या बाजूस स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका. मेस घरगुती मिळते. कित्येक ठिकाणी घरच्या बाईच स्वयंपाक करतात. रात्री नऊ-साडेनऊलाही रस्त्यावर वर्दळ असते, हा मुलीच्या दृष्टीने मोठा गुण. परंतु जुने वाडे पडून इमारती होत चालल्या आहेत आणि खोल्यांची मागणी फार. जे वाडे उरले आहेत त्यांत जिना अंधारा आणि संडास सामाईक असण्याचा संभव असतो. तेव्हा पेठेत खोली घेताना आधी जिना आणि मोरी पाहावी, मग खोली.

डेक्कन, शिवाजीनगर, मॉडेल कॉलनी हा भाग कॉलेजांना सर्वांत जवळचा. पण तिथले भाडे आपल्यासारख्यांना झेपेल असे वाटत नाही. तिथे वसतिगृहात जागा मिळाली तरच राहावे. विमाननगर, खराडी या बाजूला संगणकाच्या कंपन्यांतले पगारदार राहतात. विद्यार्थिनीला त्यांच्याशी भाड्यात चढाओढ करावी लागते. तिचे कॉलेज त्याच बाजूस असेल तर शेजारचे येरवडा, विश्रांतवाडी हे भागही पाहून घ्यावेत.

कोथरूड आणि कर्वेनगर ही मला मधली, समतोल वस्ती वाटते. मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय कर्वेनगरातच आहे, इतरही शिक्षणसंस्था जवळ आहेत, आणि चार मुलींनी मिळून सदनिका घेण्याची तिथे रीत पडली आहे. मेट्रो वनाजपासून गरवारे महाविद्यालयापर्यंत मार्च २०२२ मध्ये सुरू झाली आणि पुढे वाढत गेली. त्यामुळे वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळस्टॉप या स्थानकांपासून चालत जाता येईल अशी जागा मिळाली, तर शिवाजीनगरचे कॉलेजही लांब राहत नाही. याहून थोडे स्वस्त हवे तर वारजे आहे. मात्र तिथून मेट्रो पायी गाठता येत नाही, तेव्हा बसचा मार्ग आणि तिची शेवटची वेळ आधी विचारावी.

धनकवडी, कात्रज, आंबेगाव, नऱ्हे ही दक्षिणेची बाजू. इथे कॉलेजे पुष्कळ आणि भाडे तुलनेने कमी. आपल्याला आणखी एक सोय, कऱ्हाडची एस. टी. कात्रजवरूनच स्वारगेटला जाते. मुलगी शनिवारी संध्याकाळी निघाली तर शहरातून उलटे यावे लागत नाही. पण महामार्ग ओलांडून कॉलेजला जावे लागते की काय, हे नीट पाहा. नवले पुलाच्या उतारावर वारंवार गंभीर अपघात होतात. महामार्गाच्या ज्या बाजूस कॉलेज त्याच बाजूस खोली, हा नियम मी तरी मोडू देत नाही. आणि कॉलेज शिवाजीनगरला असून केवळ भाड्यासाठी कात्रजला राहणे, यात वर सांगितलेला पन्नास तासांचा हिशेब लागू होतो. स्वारगेटहून जिल्हा न्यायालयापर्यंतची मेट्रो सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, हा थोडा दिलासा आहे. पण कात्रज ते स्वारगेट हा टप्पा बसनेच काढावा लागतो.

एक बाजू आपल्या लोकांना सहसा सुचत नाही, ती उत्तरेची. दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी ही स्टेशने पुणे-लोणावळा लोकलवर आहेत, आणि लोकलचा विद्यार्थी पास स्वस्त पडतो. आकुर्डी-निगडीकडे कॉलेजेही आहेत. दापोडी, कासारवाडीवरून मेट्रोही जाते. शिवाजीनगरला शिकणाऱ्या एका मुलीला आम्ही दापोडीत ठेवले. सुरुवातीस तिच्या आईला ते फार लांब वाटे. परंतु लोकलने ती कोथरूडच्या मैत्रिणीच्या आधी कॉलेजात पोचू लागली. अंतर मैलांत मोजू नये, मिनिटांत मोजावे. लोकलच्या फेऱ्या मात्र मुंबईसारख्या दर पाच मिनिटांनी नाहीत. वेळापत्रक घरात लावून ठेवावे लागते.

विद्यापीठाच्या आवारातील वसतिगृहात जागा मिळाली तर दुसरा विचार करू नये. न मिळाल्यास औंधपेक्षा सांगवी, बोपोडी, खडकी ही नावे आधी पाहावीत.

आता पाण्याविषयी बोलते, कारण आपण बायका घर पाहताना आधी नळ सोडून पाहतो, आणि ते योग्यच आहे. पुण्यात पाण्याची दोन भये आहेत. एक जास्तीच्या पाण्याचे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या, हे वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकले आहे. ती गोष्ट संपली असे समजू नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि माणसे दगावली. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत नदीचे पाणी घरांत शिरले. नदीच्या किंवा ओढ्याच्या कडेचा तळमजला पुष्कळदा स्वस्त मिळतो, आणि तो का स्वस्त आहे हे जूनमध्ये कळत नाही. शेजारच्या दुकानदाराला विचारावे, "इथवर पाणी कधी आले होते का?" तो भिंतीवर हात ठेवून उंची दाखवील.

दुसरे भय अशुद्ध पाण्याचे. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे आली. गावे शहरात आली, पण नळ आणि गटारे त्याच वेगाने आली नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगत नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने निघाले, आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले. म्हणून नव्या वस्तीत खोली घेताना तीन प्रश्न विचारावेत: पाणी महापालिकेचे, विहिरीचे की टँकरचे? टँकरचे पैसे भाड्यात धरले आहेत की वेगळे? आणि पिण्याचे पाणी शुद्ध करण्याची काय सोय आहे? उत्तर "सगळे पाणी चांगले आहे" असे गोलमाल आले, तर तिथे राहणाऱ्या मुलींना बाजूला घेऊन विचारावे. आणि पाणी उकळून प्यावे, हे मुलीला सांगूनच पाठवावे.

कागदाचेही दोन शब्द. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या ५५ व्या कलमाप्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. सदनिका घेतलीत तर करार अकरा महिन्यांचा होतो. अनामत किती, ती किती दिवसांत परत, मध्येच खोली सोडल्यास किती कापणार, वीज मीटरप्रमाणे की माणशी, हे सारे त्यात लिहून घ्यावे. एका मुलीने परीक्षा संपताच खोली सोडली. पावती नव्हती, लिहिलेले काही नव्हते, आणि अनामतीचे पैसे रंगाच्या नावाखाली गेले. बोलण्यावर भरवसा ठेवणे हा आपला गुण आहे, पण रकमेच्या ठिकाणी पावती घेणे हा भरवशाचा अपमान नव्हे. दलालाला पुष्कळदा एक महिन्याचे भाडे द्यावे लागते. तो खर्चही वर्षाच्या बेरजेत धरावा.

सरकारी मदत आहे, तीही घ्यावी. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, इतर मागासवर्गीयांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि लहान शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. पैसे उशिरा येतात, ही तक्रार खरी. म्हणून पहिल्या तीन महिन्यांची तजवीज घरातून ठेवावी आणि अर्ज मात्र मुदतीत करावा. हा हक्क आहे, उपकार नव्हे. शेजारीण काय म्हणेल म्हणून अर्ज टाळणाऱ्या घरांना मी इथून विनंती करते, की तसे करू नका.

खोली पाहायला जाल तेव्हा एकदा दिवसा आणि एकदा रात्री आठनंतर जावे. रात्री बसथांब्यापासून खोलीपर्यंत स्वतः चालून पाहावे. दिवे आहेत का, दुकाने उघडी असतात का, की अर्धा रस्ता नुसत्या बांधकामाच्या पत्र्यांमधून जातो? जवळ दवाखाना, औषधांचे दुकान, मेस आहे ना? भाजीवालीला विचारावे, वस्ती कशी आहे हे तिला जितके ठाऊक असते तितके दलालाला नसते. आणि पाहायला जाताना मुलीला बरोबर न्यावे. राहणार ती आहे. कित्येक घरांत बाप आणि काका खोली पसंत करून येतात आणि मुलगी तिथे पहिल्यांदा ट्रंकेसकट पोचते.

नियमांविषयीही बोलायला हवे. मालकीणबाई म्हणतात, दार साडेआठला बंद. आपल्याला बरे वाटते. पण प्रयोगशाळा सहाला सुटते, ग्रंथालय रात्रीपर्यंत उघडे असते. मुलीने साडेआठच्या भयाने ग्रंथालय सोडावे, यासाठी का आपण तिला पुण्यास पाठवतो? नियम असावेत, पण ते अभ्यासाच्या आड येऊ नयेत. तसेच "तुमचे आडनाव काय, तुम्ही खाता काय" असे विचारून पुष्कळ दारे बंद होतात. आपल्यातल्याच काही मुलींना हा अनुभव आला आहे, आणि तो विसरता न येण्यासारखा असतो. आपण इथे बसून पुण्याची दारे उघडू शकत नाही. पण आपल्याही गावात परगावच्या मुली शिकायला येतात, आपल्याही घरांत वरच्या खोल्या रिकाम्या आहेत. आपण दारात उभ्या राहिलेल्या मुलीला काय विचारतो, तेही एकदा आठवून पाहावे.

शेवटी मंडळापुढे एक सूचना मांडते. आपण एक नोंदवही ठेवू. पुण्यास शिकणाऱ्या आपल्या मुली दिवाळीत घरी येतात. त्या वेळी प्रत्येकीने तीत एक पान लिहावे: वस्ती कोणती, खाट केवढ्याला, वीज-पाण्याचे वेगळे किती, मेस कशी, कॉलेजला मिनिटे किती, रात्रीची वाट कशी, मालकीणबाई कशा, आणि खोली केव्हा रिकामी होणार. खोटी स्तुती नको आणि राग काढणेही नको. पाच वर्षांत या वहीत जी माहिती जमेल ती कोणत्याही दलालाजवळ नसेल. जिच्या घरात कोणी पुण्याला गेलेले नाही, जिला कोणाला विचारावे हेच ठाऊक नाही, तिच्या हाती आपण ती वही ठेवू. एकीची खोली रिकामी होताना दुसरीने ती घेतली, तर दलालीही वाचेल आणि आईच्या मनाला धीरही राहील.

आजवर आपण हळदीकुंकू केले, पापडांचे वर्ग घेतले, सहली काढल्या. ते सारे चांगलेच झाले. या वर्षी ही वही करू. वही आणि पेन मी आज बरोबर आणले आहे. पुण्यात मुलगी असलेल्या भगिनींनी जाण्यापूर्वी आपले नाव आणि मुलीची वस्ती पहिल्या पानावर लिहावी, एवढी विनंती करते आणि आपली रजा घेते.